दिवा कुठल्या तारेवर?

अ‍ॅम्प्लिफायर रात्रभर चालू राहिला होता, हे मला सकाळी मांजरीमुळे कळलं. जाळीच्या झाकणाला पाठ लावून ती ऐसपैस पसरली होती. डिसेंबरातली सकाळ, त्यामुळे तिला जागा नेमकी सापडली होती. हात लावून पाहिला तर ट्रान्सफॉर्मर चांगलाच तापलेला. आदल्या रात्री रेकॉर्ड संपली, सुई उचलली, खोलीतला दिवा मालवला आणि मी झोपलो. आवाज थांबला की यंत्र बंद झालं, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं.

व्हॉल्व्हचं यंत्र तर अशा वेळी अगदीच गप्प बसतं. चालू केल्यावर पंधरा-वीस सेकंद काहीच घडत नाही, आणि गाणं नसताना ते चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही. व्हॉल्व्ह आतून उजळतात हे खरं, पण मोठे व्हॉल्व्ह झाकणाखाली, लहानातला एक पत्र्याच्या टोपीत, आणि उरलेल्याचा प्रकाश इतका मंद की दिवसा शोधावा लागतो. म्हणून अशा यंत्रांच्या तोंडावर लाल किंवा पिवळ्या काचेचा एक छोटा दिवा असायचा. वायरमन त्याला इंडिकेटर म्हणतात, रेडिओवाले पायलट. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला तो नव्हता.

हा अ‍ॅम्प्लिफायर मामांनी १९६६ साली गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बांधला. सुटे भाग जवळच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक करून आणलेले. आराखडा मलार्ड कंपनीचा, ‘पाच-दहा’ नावाचा: पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. हा आराखडा १९५४ मधला. व्हॉल्व्ह विकले जावेत म्हणून मलार्ड असे आराखडे छापून देत असे आणि घरोघरचे हौशी लोक ते बांधत. ‘पाच-दहा’मध्ये सुरुवातीला एक ईएफ८६, मग एक ईसीसी८३, शेवटी ईएल८४ची जोडी आणि सगळ्यांना उच्च दाबाची डीसी पुरवणारा रेक्टिफायर ईझेड८१. मामांची बांधणी इतकी नीटस आहे की आतल्या तारा अजून काटकोनात वळतात.

फोन लावला. म्हटलं, “मामा, याला पायलट का नाही बसवलात?”

“वाइंडिंग दोन अँपिअरचं होतं. व्हॉल्व्हच दोन अँपिअर खातात. तुझ्या दिव्याला कुठून आणू?”

साठ वर्षांपूर्वीचा हिशोब त्यांना तोंडपाठ होता, आणि तो चोख आहे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात एक बारीकशी शेगडी असते, हीटर. ती तापते तेव्हा कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. या शेगड्यांसाठी ट्रान्सफॉर्मरवर ६.३ व्होल्टचा वेगळा वेढा असतो. ईएफ८६ला ०.२ अँपिअर, ईसीसी८३ला ०.३, प्रत्येक ईएल८४ला ०.७६. बेरीज २.०२. ईझेड८१चा एक अँपिअर मामांनी वेगळ्या वाइंडिंगवर ठेवला होता. म्हणजे शेगड्यांचं वाइंडिंग दिवा लावण्याआधीच काठोकाठ भरलेलं.

६.३ हा आकडा मोटारीतून आला. शिशाच्या बॅटरीच्या एका घरात २.१ व्होल्ट असतात, तेव्हाच्या मोटारींच्या बॅटरीत अशी तीन घरं असत. १९३०च्या सुमारास मोटारीत रेडिओ बसू लागले, तेव्हा थेट बॅटरीवर तापणारे व्हॉल्व्ह निघाले, आणि पुढे घरातल्या रेडिओंनीही तोच आकडा उचलला. दिवेही त्याच मापाचे निघाले. अमेरिकी यंत्रांत ४७ नंबरचा बल्ब दिसतो, तो ६.३ व्होल्टचा, ०.१५ अँपिअरचा, पिनांचा. तेवढाच प्रवाह घेणारा आट्यांचा बल्ब ४० नंबरचा. ४४ आणि ४६ हे त्यांचेच जास्त खादाड भाऊ, ०.२५ अँपिअरचे. नंबर पुसला गेला असेल तर बल्ब उजेडासमोर धरून आत पाहावं. दोन तारांना धरून ठेवणारा काचेचा इवलासा मणी असतो. तो तपकिरी असेल तर ०.१५, निळा असेल तर ०.२५.

आट्यांचा बल्ब टॉर्चच्या बल्बसारखाच दिसतो आणि त्याच होल्डरात बसतो, त्यामुळे हाताशी असलेला टॉर्चचा बल्ब फिरवण्याचा मोह होतो. टॉर्चचा बल्ब अडीच किंवा पावणेचार व्होल्टचा असतो, एकदाच लखकन चमकतो. सायकलच्या डायनामोवर चालणारा मागचा लाल दिवा मात्र ६ व्होल्ट, ०.६ वॉटचा असतो, म्हणजे ०.१ अँपिअर. अडीअडचणीला तो चालून जातो.

मग ४७ नंबरचा बल्ब लावला तर काय बिघडतं? २.०२चे २.१७ होतात. वाढ सात-आठ टक्क्यांची, पण तांब्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या वाइंडिंगमध्ये पंधरा टक्के जास्त. नव्या, सैलसर ट्रान्सफॉर्मरला हे काहीच नाही. हा मात्र साठीचा, आत कागद आणि वॉर्निश. शिवाय त्याच्या मुख्य बाजूचा दाब २२० व्होल्टचा धरलेला आहे आणि आमच्याकडे त्या दिवशी सॉकेटमध्ये २३४ होते. शेगड्यांवर मीटर लावला तर ६.७ व्होल्ट. व्हॉल्व्हला दहा टक्क्यांपर्यंत चालतं, बल्बला मात्र ते फार महागात पडतं. तारेच्या बल्बचं आयुष्य दाबाच्या साधारण बाराव्या घातात घटतं. ६.३च्या जागी ६.७ दिले की ते निम्म्यावर येतं. ज्यांच्या जुन्या यंत्रांतले पायलट सारखे जातात, त्यांनी बल्बला नावं ठेवण्याआधी हा दाब मोजावा. बल्बच्या रांगेत ४.७ ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर टाकला की जवळजवळ पाऊण व्होल्ट तिथे उतरतो. दिवा जरा तांबूस दिसतो, जुन्या यंत्राला तो शोभतो, आणि बल्ब कित्येक पट टिकतो.

बहुतेकांच्या यंत्रात वाइंडिंगला इतकी तंगी नसते. त्यांनी तारेचाच बल्ब लावावा, पण आधी एक गोष्ट पाहावी. अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून, एक हात खिशात घालून, शेगडीच्या दोन्ही तारांपासून चेसिसपर्यंत एसी दाब मोजायचा. एका तारेवर शून्य आणि दुसरीवर ६.३ आले, तर वाइंडिंगचं एक टोक चेसिसला जोडलेलं आहे. दोन्हींवर ३.१५ आले, तर चेसिसला मधला बिंदू जोडलेला आहे. घुमणारा आवाज कमी व्हावा म्हणून चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही दुसरी रीत असते. आता बाजारात मिळणारा बल्बचा होल्डर हातात घेऊन पाहा: पुष्कळ होल्डरांत एक टोक पत्र्याच्या अंगालाच जोडलेलं असतं. असा होल्डर चेसिसच्या भोकात आवळला आणि मधला बिंदू चेसिसला असला, की अर्धं वाइंडिंग सरळ शॉर्ट होतं. गंमत म्हणजे बल्ब पेटतोही, फक्त मंद. दुसऱ्या बाजूला ट्रान्सफॉर्मरच्या अर्ध्या वेढ्यातून पंचवीस-तीस अँपिअर वाहत असतात. मुख्य बाजूला मात्र ती वाढ अर्ध्या अँपिअरच्याही आत दिसते, त्यामुळे एक अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलत नाही. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा ट्रान्सफॉर्मर असाच गेला. वास आला तोवर उशीर झाला होता. होल्डर दोन्ही टोकं सुटी असलेलाच घ्यावा.

कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने १९३८च्या सुमारास फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. पुढे गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर काढले तेव्हा त्याने पायलटला आणखी एक काम लावलं. साठच्या दशकातल्या त्याच्या बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरांत लाल काचेमागच्या होल्डरची दोन टोकं १०० ओहमच्या दोन रेझिस्टरांनी चेसिसला जोडलेली दिसतात. वाइंडिंगला मधला बिंदू नसला तरी तो इथे खोटा तयार होतो. होल्डर आहेच, टोकं आहेतच, मग वेगळी पट्टी कशाला? दुकानात बसून रेडिओ उघडलेल्या माणसाची ही काटकसर मला फार आवडते.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. काही यंत्रांत ५यू४ किंवा जीझेड३४ यांसारखा रेक्टिफायर असतो, त्याच्या शेगडीला ५ व्होल्टचं स्वतंत्र वाइंडिंग असतं. इथे जागा मोकळी आहे असं वाटून दिवा टांगाल तर तो छान पेटेल. पण त्या दोन्ही तारा एकमेकींपासून ५ व्होल्टवर असल्या तरी चेसिसपासून तीनशे-चारशे व्होल्टवर असतात, कारण उच्च दाब तिथूनच निघतो. समोरच्या पट्टीवर, बोटांच्या टोकाशी असलेल्या होल्डरात एवढा दाब नेऊन ठेवायचा नाही.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओंना तर हातच लावू नये. यूएल४१, यूवाय४१ अशा ‘यू’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हच्या शेगड्या एकामागे एक रांगेत, १०० मिलिअँपिअरवर चालतात आणि चेसिस थेट मेन्सला जोडलेली असते. आपल्या लहानपणी ‘हा रेडिओ शॉक देतो’ म्हणून ज्याला लांबून बघायचे, तो बहुधा याच घराण्यातला.

आता तारेचा बल्ब बाद झाल्यावर माझ्यापुढे निऑन उरला. निऑन आपल्या अगदी ओळखीचा. वायरमनच्या खिशातल्या टेस्टरमध्ये तोच असतो, स्विचबोर्डवरच्या लाल ठिपक्यातही तोच. काचेच्या बोंडात थोडा निऑन वायू आणि दोन बारीक कांड्या. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी १९१७ साली हा छोटा दिवा घडवला. यात तार नाही, त्यामुळे जळून तुटण्यासारखं काही नाही. ऐंशी-नव्वद व्होल्टपर्यंत तो मुळीच पेटत नाही, एकदा पेटला की साठेक व्होल्टवर टिकतो आणि पोटाला लागतो अर्धा मिलिअँपिअर. रांगेत रेझिस्टर मात्र हवाच, नाहीतर पेटता क्षणी तो स्वतःलाच फोडतो.

सोपी रीत म्हणजे तो स्विच आणि फ्यूज यांच्या पुढे, ट्रान्सफॉर्मरच्या मुख्य बाजूला लावायचा. रेझिस्टर लावलेले तयार २३० व्होल्टचे इंडिकेटर कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात. शेगडीच्या वाइंडिंगवर भार शून्य. मी तोच घेऊन आलो होतो, आणि बसवता बसवता थांबलो.

कारण दिवा ज्या तारेवर टांगलेला असतो, फक्त तिच्याबद्दल बोलतो. मुख्य बाजूचा निऑन सांगतो की मेन्स स्विचमधून आणि फ्यूजमधून इथवर पोचली. त्याच्यापुढे ट्रान्सफॉर्मर तुटला असेल तरी तो हसतमुख पेटलेला राहील. शेगडीवरचा बल्ब एक पाऊल पुढचं सांगतो: ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे, व्हॉल्व्ह तापताहेत. पण उच्च दाबाबद्दल तोही मुका. स्विच बंद केला की दोन्ही दिवे लगेच विझतात, आणि नेमकं तेव्हाच ते सर्वांत जास्त फसवतात. मामांच्या यंत्रात ५० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर ३२० व्होल्टवर भरलेले असतात, म्हणजे सुमारे पाच ज्यूल. व्हॉल्व्ह गरम असतील तर बंद केल्यावर काही सेकंदांत ते हा साठा पिऊन टाकतात. पण एखादा व्हॉल्व्ह सॉकेटातून काढलेला असेल, किंवा त्याची शेगडी तुटली असेल, तर साठा तसाच राहतो. दिवा विझलेला पाहून माणूस आत हात घालतो तो अशाच यंत्रात, कारण बिघडलेलं यंत्रच उघडलं जातं.

म्हणून मी निऑन मुख्य बाजूला न लावता एचटीवर, म्हणजे उच्च दाबाच्या डीसीवर लावायचं ठरवलं, थेट त्या ३२० व्होल्टवर. प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास. यात एक उणीव आहे, ती मान्य करून टाकतो: रेक्टिफायर गेला तर शेगड्या तापत राहतील आणि दिवा काळा राहील. पण मांजरीच्या रात्री रेक्टिफायर ठणठणीत होता. रोजच्या विसरभोळेपणासाठी हा साक्षीदार पुरेसा आहे, आणि आत हात घालण्याच्या वेळी इतर दोघांपेक्षा जास्त खरा.

एलईडीचाही विचार केला होता. १९६२ साली निक होलोन्याक यांनी डोळ्याला दिसणारा पहिला उपयुक्त एलईडी दाखवला. आज तो पाच-दहा रुपयांत मिळतो आणि शेगडीच्या वाइंडिंगवर दहा मिलिअँपिअरने काहीच फरक पडत नाही. एसीवर लावताना त्याला उलट दिशेचा एक डायोड जोडावा लागतो, कारण ६.३ व्होल्टच्या लाटेचं शिखर नऊ व्होल्टच्या जवळ जातं आणि एलईडीला उलटे पाचच सोसतात. पण साठ वर्षांच्या यंत्राच्या कपाळावर तो मोबाइलच्या चार्जरसारखा दिसतो. माझं मन होईना.

काम असं केलं. प्लग काढला, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी कपॅसिटरवर मीटर लावून शून्याजवळ आल्याची खात्री केली आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवलं. २२० किलो-ओहमचे दोन अर्ध्या वॉटचे रेझिस्टर एकामागे एक जोडून ते कपॅसिटरच्या अगदी पायाशी सोल्डर केले. दोन अशासाठी की प्रत्येकावर सव्वाशे-दीडशेच व्होल्ट यावेत. आणि कपॅसिटरच्या पायाशी अशासाठी की समोरच्या पट्टीकडे जाणारी तार रेझिस्टरच्या पलीकडची असावी. उद्या तिचं आवरण घासलं आणि ती चेसिसला टेकली, तरी वाहील एक मिलिअँपिअरपेक्षा कमी. तारेवर स्लीव्ह चढवली, दुसरं टोक चेसिसला. ही डीसी आहे, त्यामुळे ती घुमत नाही. शेगडीवरचा बल्ब असता तर दोन तारा एकमेकींना पीळ देऊन, कोपऱ्यातून, इनपुटपासून लांब न्याव्या लागल्या असत्या.

भोक पाडलं नाही. जुन्या चेसिसवर ड्रिल चालवलं की लोखंडाचा कीस व्हॉल्व्हच्या सॉकेटात जाऊन बसतो, आणि मामांच्या पत्र्यात भोक पाडायला धीरही झाला नसता. समोरच्या पट्टीवर मायक्रोफोनचं एक सॉकेट होतं, ते कित्येक वर्षांत कुणी वापरलं नव्हतं. ते सोडवून त्याच भोकात प्लास्टिकच्या अंगाचा निऑनचा होल्डर बसवला. सॉकेट कागदात गुंडाळून, तारीख घालून, चेसिसखाली बांधून ठेवलंय. काच आधी हिरवी लावून पाहिली, कारण जुन्या रेडिओतल्या मॅजिक आयची हिरवाई डोळ्यांत होती. दिवा जवळजवळ दिसेनासाच झाला. निऑनच्या नारिंगी प्रकाशात हिरवा नावापुरताच, त्यामुळे हिरव्या काचेतून काही बाहेर पडत नाही. मग स्वच्छ काच लावली.

पुढच्या रविवारी मामा आले. मी काही न बोलता स्विच टाकला. दिवा काळाच. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पंधराएक सेकंदांनी काचेमागे नारिंगी ठिपका उमटला, आणि पाठोपाठ स्पीकरमधून बारीकशी सळसळ. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ पट्टीला लावलं. आतल्या दोन कांड्यांपैकी एकच पेटली होती. एसीवर दोन्ही पेटलेल्या दिसतात, डीसीवर फक्त ऋण बाजूची.

“एचटीवर घेतलास होय,” ते म्हणाले. “बंद कर बघू. आणि ईएल८४ काढून.”

प्लग काढला, व्हॉल्व्ह निवू दिले आणि चारही उपसले. फक्त रेक्टिफायर ठेवला आणि पुन्हा चालू केला. दिवा लागल्यावर स्विच बंद केला. या वेळी साठा पिणारं कुणी नव्हतं. प्रकाश कांडीवरून हळूहळू खाली उतरत गेला, टोकाशी टिकलीएवढा उरला, थरथरला. दोन-तीन मिनिटं लागली. मामा तोवर मीटरची टोकं कपॅसिटरवर धरून बसले होते, एक हात पाठीमागे.

“विझला,” मी म्हटलं.

“सत्तावन्न,” मामा म्हणाले, आणि खिशातून पेन्सिल काढून त्यांनी तो आकडा चेसिसच्या आतल्या बाजूला, १९६६च्या आपल्या अक्षराखाली लिहून ठेवला.